वरची दाबली, खालची आली

पाऊस गेला की वसईजवळच्या आमच्या चंदनसारला एक अधलामधला ऋतू लागतो. त्याला हिवाळा म्हणवत नाही, उन्हाळा म्हणावं तर दिवाळी तोंडावर आलेली असते. इमारतींच्या मधे अजून टिकून राहिलेल्या खाचरांत भात कापून पसरलेलं असतं आणि त्याचा ओलसर, गोडूस वास भर दुपारी चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. गटारातलं पाणी वाहायचं थांबतं. संध्याकाळी महानगरपालिकेची धुराची गाडी घरघरत येते, तशा सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड लागतात. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी तापाची बातमी देतो. 'प्लेटलेट' हा शब्द या दिवसांत भाजीच्या गाडीपाशीसुद्धा ऐकू येतो.

हे दिवस परत आले की मी उगीचच सावध होते. फोन वाजला तर आधी नाव बघते, मग श्वास घेते. घरातल्यांना वाटतं, मी डासांना घाबरते. मला आठवत असतो तो काही वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, आणि त्या ऑक्टोबरात एका पडद्यावर हललेली नावांची यादी.

मी वेबसाइट आणि अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत काम करते. पडद्यावर जे दिसतं, म्हणजे बटणं, तारखांची कॅलेंडरं, नाव शोधायचे चौकोन, ते माझं काम. हे सगळं आम्ही दर वेळी नव्याने घडवत नाही. जगात कुणी ना कुणी हे सुटे भाग तयार करून मोफत ठेवलेले असतात. अशा सुट्या भागांच्या भांडाराला आमच्यात लायब्ररी म्हणतात. ते घ्यायचे, आपल्या कामात बसवायचे, आणि एखादा भाग नीट चालला नाही तर ज्याने तो बनवला त्याला जाहीरपणे लिहून कळवायचं. यालाच बग रिपोर्ट करणं म्हणतात. एखादी नवी सोय हवी असेल तर तीही तिथेच मागायची. समोरचा माणूस कुठल्या देशात बसलाय, त्याचं वय काय, तो आत्ता जेवतोय की झोपलाय, काहीच ठाऊक नसतं. तरी त्याच्या उत्तरावर आपल्या इथलं काहीतरी अडून बसलेलं असतं.

त्या वर्षी आम्ही वसईतल्या एका छोट्या रुग्णालयासाठी अ‍ॅप बनवलं होतं. वॉर्डातल्या नर्सेसच्या हातात टॅब्लेट असायचा. पेशंटचं नाव मराठीत टाइप करायला लागलं की खाली मिळत्याजुळत्या नावांची यादी उघडे, त्यातलं नाव दाबलं की त्याचे रिपोर्ट समोर येत आणि नवा रिपोर्टही तिथेच जोडता येई. नाव शोधायचा तो चौकोन आम्ही अशाच एका लायब्ररीतून घेतला होता. त्याच रुग्णालयात रोझलीन नर्स होती. ती माझी शाळेतली मैत्रीण. वसईगावाजवळच्या एका ख्रिस्ती आळीत तिचं घर आहे, वाडीत केळी आणि सोनचाफा. शाळेत असताना मी तिथे जाऊन पोटभर खेळले आहे.

तापाच्या साथीने वॉर्ड भरला होता. खाटा पुरेनात म्हणून व्हरांड्यातही पेशंट झोपवले होते. अशातच एका दुपारी रोझलीनचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. ती चिडली की आवाज चढवते, घाबरली की सपाट बोलते, हे मला शाळेपासून माहीत आहे.

तिने सांगितलं ते असं. वॉर्डात सुनंदा नावाच्या दोन बाया होत्या. एक चिंचोटीची, वयस्क. दुसरी वसईची, तरुण. चिंचोटीच्या सुनंदाबाईंना घरी सोडायचं ठरत होतं, कारण टॅब्लेटवर त्यांच्या प्लेटलेट चांगल्या वाढलेल्या दिसत होत्या. रोझलीन सलाइनची सुई काढायला गेली, तर बाईंच्या दंडावर लाल ठिपके उमटलेले, आणि चूळ भरताना हिरड्यांतून रक्त येतंय असं त्या म्हणाल्या. तिने सुई तशीच ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. लॅबला फोन झाला. वाढलेल्या प्लेटलेट दुसऱ्या सुनंदाच्या होत्या. या बाईंच्या खाली खाली चालल्या होत्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्या रिक्षात बसून घरी, कामणच्या रस्त्याला लागल्या असत्या.

बाईंवर लगेच उपचार सुरू झाले. पण चौकशीही सुरू झाली. सकाळी सुनंदाबाईंचं नाव शोधून रिपोर्ट जोडला होता तो रोझलीनने. मेट्रनने तिच्याकडे लेखी खुलासा मागितला.

"मी वरची दाबली, मेघना," ती म्हणाली. "वरची दाबली आणि खालची आली. याआधी पण एकदा असं झालं होतं. तेव्हा मला वाटलं, माझाच हात चुकला."

मग तिने विचारलं, "मला एवढंच सांग. उद्या सकाळची औषधं मी यावरून देऊ का?"

मी टॅब्लेट हातात घेतला नव्हता, काहीही तपासलं नव्हतं. पण या प्रश्नाला 'बघते आणि सांगते' असं उत्तर नसतं. मी नको म्हणाले. टॅब्लेट बाजूला ठेवा, कागदावर लिहा, मेट्रनना माझं नाव सांग.

त्यानंतर मी अभिजितला फोन केला. अभिजित माझा टीम लीडर, वाईट माणूस नाही. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं की बग आपल्याला दिसलाय का. मी म्हटलं, अजून नाही. मग बंद करा असं कुणाच्या परवानगीने सांगितलंस, असं त्याने विचारलं. त्याचं म्हणणं होतं की भरलेल्या वॉर्डात माणसाचा हात चुकू शकतो, यादीत नावं एकाखाली एक असतात, बोट घसरतं. आणि आपणच घाईने चूक आपली म्हटलं तर उद्या प्रत्येक चूक आपल्यावर येईल. मी रुग्णालयाला पत्र द्यायला सांगितलं, की दोष सॉफ्टवेअरचा असू शकतो. तो म्हणाला, लायब्ररीवाल्याने मान्य केलं तर पत्र देऊ. तोवर नाही.

म्हणजे रोझलीनचा खुलासा आता एका अनोळखी माणसाच्या 'हो'वर येऊन ठेपला होता.

मी कामाला बसले. तोच चौकोन, तीच दोन नावं, तसाच टॅब्लेट. सुनंदा टाइप केलं, वरची दाबली, वरचीच आली. पुन्हा केलं, पुन्हा वरचीच. मराठी कीबोर्ड बदलले, नेट मुद्दाम मंद केलं, टॅब्लेट उभा धरला, आडवा धरला. यादी शहाण्या मुलासारखी वागत होती. बाहेर लाऊडस्पीकरवर गरब्याची गाणी सुरू झाली होती, पंखा गरम वारा फेकत होता आणि प्रत्येक बरोबर उत्तरागणिक मी पुन्हा पहिल्यापासून टाइप करत होते. यंत्र बरोबर चालतंय याची एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. ते बरोबर असेल तर चूक रोझलीनची ठरत होती.

तरी मी रिपोर्ट लिहिला. त्या लायब्ररीचा तो भाग टोमास नावाचा कुणी सांभाळत होता, एवढंच मला दिसत होतं. त्याला लिहिलं की रुग्णालयात असं झालं, नर्स असं सांगते. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. छोटं आणि सभ्य. माझ्याकडे असं होत नाही, होईल अशी पायरीवार कृती दिलीत तर पाहीन, तोवर हे बंद करतो. माझ्या लिहिण्याखाली त्याने 'बंद' असा शिक्का मारला.

मी एक कडक उत्तर लिहिलं. त्यात सुनंदाबाईंचे दंड होते, हिरड्या होत्या, व्हरांड्यातल्या खाटा होत्या. ते पाठवायच्या आधी एकदा वाचलं. सगळं खरं होतं, पण त्यातल्या कशानेही त्याच्या पडद्यावरची यादी हलणार नव्हती. मी ते पुसून टाकलं.

आज मी स्वतः त्या लायब्ररीतल्या अशा रिपोर्टांना उत्तरं देणाऱ्यांपैकी एक आहे. नोकरीतून उरलेल्या वेळात, शनिवार-रविवारी. त्यामुळे टोमासची बाजूही आता कळते. रोज कुणीतरी लिहितं, 'चालत नाही'. काय चालत नाही, कुठे, काय केल्यावर, काही नाही. डॉक्टरसमोर बसून नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणावं तसं. ताप कधी चढतो, थंडी वाजते का, आधी काय खाल्लं होतं, हे विचारून विचारून काढावं लागतं. पण विचारायला वेळ लागतो, आणि 'बंद' हे बटण अगदी बोटाखाली असतं. माझंही बोट कितीदा तिथे जातं. मग मी खुर्ची मागे सरकवते, पाणी पिऊन येते आणि लिहिते, तुम्ही नेमकं कसं टाइप करता ते सांगाल का. बरेच जण उत्तरच देत नाहीत. देतात त्यांच्यातला एखादा असं काही सांगतो, की अंगावर काटा येतो.

त्या वेळी हे शहाणपण नव्हतं. होती ती फक्त रोझलीनची सुटीची दुपार. मी स्कूटर काढली आणि टॅब्लेट पिशवीत घालून तिच्या घरी गेले. ऑक्टोबर म्हणजे त्यांचा रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. त्या संध्याकाळी प्रार्थना तिच्याकडे होती, म्हणून ओटीवर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि माउलीच्या मूर्तीपुढे वाडीतला सोनचाफा. आम्ही त्याच खुर्च्यांत बसलो. रोझलीन वाळल्यासारखी दिसत होती. खुलासा अजून दिला नव्हता. काय लिहू, असं तिने मला विचारलं. चूक कबूल केली तर कदाचित ताकीद देऊन सोडतील, असं तिला वॉर्डातल्या कुणीतरी सुचवलं होतं. ती कबूल करायच्या बेतात आली होती, हे मला दिसत होतं.

खऱ्या पेशंटची नावं बाहेर वापरायची नाहीत, म्हणून मी एक छोटं पान बनवून नेलं होतं. त्यात तोच चौकोन, पण यादीत फुलांची नावं. मोगरा, जाई, जुई, शेवंती, अबोली. रोझलीनने टाइप करायला सुरुवात केली आणि मी माझ्या फोनवर तिच्या हातांचं शूटिंग घेऊ लागले.

ती जाई दाबे, जाई येई. जुई दाबे, जुई येई. एक नाव, मग दुसरं, मग तिसरं. सगळं बरोबर. तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिने टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाली की बघ, माझाच हात असणार.

मला काय वाटलं कोण जाणे. कदाचित त्या ओटीवरची शांतता माझ्या लक्षात आली. वाडीतून पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता, एक कोंबडी पायरीवर चढून आली होती. अशा जागी कुणाला वॉर्ड आठवणार? मी तिला म्हटलं, तू वॉर्डात अशी टाइप करतेस का? ती म्हणाली, वॉर्डात कुठला एवढा वेळ. मग मी नावं मोठ्याने पुकारायला लागले. आधी सावकाश, मग भराभर, एक संपायच्या आत दुसरं. डॉक्टर बोलावतायत, तिकडे सलाइन संपलं, जाई, शेवंती, जाई, मोगरा, अबोली, जाई. ती आधी हसली, मग हसायची थांबली. तिची पाठ ताठ झाली. तिचे हात वॉर्डातले हात झाले.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती टाइप कशी करते. इंग्रजी अक्षरांनी नाव लिहायचं, कीबोर्ड वरच्या पट्टीत मराठी शब्द सुचवतो तो डाव्या अंगठ्याने दाबायचा, आणि त्याच दमात उजव्या अंगठ्याने यादीतलं वरचं नाव. दोन अंगठे जवळजवळ एकत्र पडत. मी माझ्या घरी एक एक करून, वाट बघत दाबत होते.

"जाई," मी म्हटलं.

तिने वरची जाई दाबली. चौकोनात जुई आली.

रोझलीनने टॅब्लेटवरून हात उचलले आणि पालथे-उताणे करून पाहिले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

"म्हणजे माझा हात नव्हता," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ सोडल्याचा आवाज येत होता. मी शूटिंग बंद करून कोंबडीकडे बघत बसले.

काय होत होतं ते पुढे मला कळलं. इंग्रजी अक्षरांचा शब्द मराठीत बदलला की यादी नव्याने लागते, कधीकधी वरचं नाव खाली जातं. पण पापणी लवेल तेवढा वेळ डोळ्यांना जुनीच यादी दिसत राहते आणि आतमध्ये मात्र नवी आलेली असते. त्या क्षणात बोट पडलं, तर दिसतं एक आणि लागतं दुसरं. सावकाश माणसाला हे कधीच दिसणार नाही. घाईच्या माणसालाच दिसणार, आणि घाईचा माणूस म्हणणार की माझंच चुकलं.

मी रिपोर्ट पुन्हा लिहिला. या वेळी त्यात राग नव्हता. फुलांचं पान जोडलं, शूटिंग जोडलं, दोन अंगठ्यांची गोष्ट पायरीपायरीने सांगितली. मग वाट बघणं आलं. त्या काळात रोझलीनला खुलाशासाठी मुदत वाढवून मिळाली होती, ती संपत आली होती. अभिजितला मी शूटिंग दाखवलं. त्याने ते तीनदा पाहिलं, पण म्हणाला की त्या माणसाचं येऊ दे. सुनंदाबाई अजून दाखलच होत्या. मी एकदा जाऊन त्यांना पाहून आले. त्यांना कुणी काही सांगितलं होतं की नाही कोण जाणे. त्या मला म्हणाल्या, "बाय, जरा पानी दे," आणि मी पेला त्यांच्या ओठांशी धरला.

टोमासचं उत्तर आलं तेव्हा मी स्टेशनजवळ भाजी घेत होते. गवारीची पिशवी मनगटाला लटकवून मी तिथेच वाचलं. त्याने लिहिलं होतं की आधी त्याला ती चूक घडवायला जमलं नाही, मग त्याने आपल्या बायकोला नावं मोठ्याने पुकारायला सांगितली, तेव्हा जमलं. चूक आपल्या भागात आहे. रिपोर्ट बंद करायला नको होता. दुरुस्ती सुरू केली आहे. खाली एकच ओळ वेगळी होती. त्या नर्सना हे नक्की सांगा, असं त्याने लिहिलं होतं.

भाजीवाल्याने काय झालं म्हणून विचारलं. मी काही नाही म्हटलं आणि सुटे न घेताच निघाले.

अभिजितने पत्र दिलं. त्याने ते स्वतः लिहिलं आणि आडपडदा ठेवला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. रोझलीनचा खुलासा त्या पत्रासकट स्वीकारला गेला आणि तिच्या नावावर काही राहिलं नाही. अभिजित मात्र माझ्याशी पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलला. सुनंदाबाई बऱ्या होऊन चिंचोटीला गेल्या.

दुरुस्ती झाल्यावर मी टोमासकडे एक सोय मागितली. यादीत नावाखाली दुसरी ओळ दिसावी, वय आणि गाव, आणि नाव दाबल्यावर एकदा 'हेच का' असं विचारलं जावं. त्याने ते मान्य केलं नाही. हजारो लोक हा चौकोन शहर किंवा शर्टाचा रंग निवडायला वापरतात, त्यांना प्रत्येक वेळी हेच का विचारलं तर ते वैतागतील, असं त्याचं म्हणणं. आम्ही बरेच दिवस वाद घातला, आणि तो वाद अजून संपलेला नाही. माझी मागणी आजही तिथे उघडी आहे. तिच्याखाली वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या लिपीत टाइप करणारे लोक अधूनमधून येऊन आपापली गोष्ट लिहून जातात. ती आली की मी वाचते. मान्य होईल असं आता मला वाटत नाही, आणि मागे घ्यावी असंही वाटत नाही. रुग्णालयाच्या अ‍ॅपपुरती ती सोय मी माझ्या हाताने बनवली.

टॅब्लेट वॉर्डात परत सुरू झाले त्या सकाळी रोझलीनने मला बोलावून घेतलं. पहिल्या फेरीला तू माझ्याबरोबर राहायचं, असं तिने सांगितलं होतं. साथ अजून ओसरली नव्हती. मी तिच्या मागे उभी राहिले. ती खाटेपाशी गेली, दोन्ही अंगठे पडले, नाव आलं, खाली वय आणि गाव आलं, 'हेच का' आलं. माझं लक्ष यादीवर खिळलं होतं. नाव बरोबर होतं. मी हलकेच सुटकेचा श्वास टाकला.

पण रोझलीनने 'हो' दाबलं नाही. तिने टॅब्लेट खाली केला, खाटेवरच्या म्हातारीकडे वाकली आणि विचारलं, "मावशी, पूर्ण नाव सांगा बघू तुमचं."

मी दबक्या आवाजात म्हटलं, आता बरोबर येतंय की.

"तुझं बरोबर आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी तरी विचारणार."

म्हातारी तापाने ग्लानीत होती. तिने डोळे उघडले, कोण विचारतंय ते पाहिलं आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, मग गाव, मग पाडा, मग पाड्यावर घर कुठे ते. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी सिस्टरला हाक मारत होतं, सलाइन संपत आलं होतं. रोझलीन हलली नाही. म्हातारीचं सगळं सांगून होईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली.